बावीस दाब ग्रीस

३ ऑक्टोबर २००५, सोमवार. संध्याकाळी सात.
आजपासून रोज लिहिणार. खडकीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं लॉगबुक लिहिलं, एक दिवस चुकला नाही. (एकदा महिनाभर चुकला, पण तेव्हा मला कावीळ होती.)
खराडीच्या आयटी कंपनीत आज जॉइन झालो. हुद्दा : इक्विपमेंट सुपरवायझर, टेम्पररी. टेम्पररी हा शब्द हल्ली सगळ्यांच्याच पत्रात घालतात. माझी मुलगी मैत्री तिथेच सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. पोरीने ॲडमिनमध्ये नाव सांगितलं, एवढंच. निवड गुणांवर झाली. इंटरव्ह्यू चार मिनिटांत आटोपला यावरूनच काय ते कळतं.
इक्विपमेंट सध्या एकच आहे. लाल रंगाची, परदेशी, बसून चालवायची गवत कापायची गाडी. बायकोला, म्हणजे हिराला, सांगितलं तर म्हणाली, तिकडे गवत कापायला गाडी आणि इकडे भाजी आणायला तुम्ही पायी. दुर्लक्ष केलं.
ॲडमिन मॅनेजर शुभंकर. वय अठ्ठावीस. मला अंकल म्हणतो. खडकीत चार्जमन होतो, सगळा सेक्शन गजभिये साहेब म्हणायचा. उद्या त्याला हे नीट समजावणार.

४ ऑक्टोबर, मंगळवार.
शुभंकरला समजावलं नाही. फोनवर होता.
गाडीचा ड्रायव्हर संभाजी. पन्नाशीचा, इथल्याच गावचा पाटील. आत्ता जिथे कंपनीचं लॉन आहे तिथे याचा ऊस होता. भावांनी जमिनीच्या पैशातून बिल्डिंगा बांधल्या, मोठ्या गाड्या घेतल्या. हा मात्र जुन्या मोटारसायकलवर येतो आणि गवत कापतो. मी विचारलं, या वयात ही नोकरी कशाला. म्हणाला, पगाराचं काय नाय साहेब, आत यायला मिळतंय. कार्ड नसलं की गेटवाला माझ्याच रानात मला सोडत नाय.
तोही टेम्पररी आहे. दिवाळीनंतर मी रिपोर्ट द्यायचा, मग तो परमनंट. म्हणजे त्याचं आत येणं माझ्या पेनावर आहे. हे त्याला दोनदा सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्याने.
माझे वडील भंडाऱ्याकडे पाटलाच्या फाटकाबाहेर उभे राहून निरोप सांगायचे. आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आज एक पाटील मला साहेब म्हणतो. वडील आज हवे होते. दुपारचा डबा तसाच परत नेला. ॲसिडिटीही असेल.

५ ऑक्टोबर.
गाडीची तपासणी. पोटाखाली तीन पाती आहेत, प्रत्येक पात्याच्या वर बेअरिंग, बेअरिंगला ग्रीस द्यायचं निपल. गाडीबरोबर आलेल्या इंजिनिअरने एक छोटा डबा ठेवला होता, संभाजी त्यातलंच वापरतो. डबा आता तळाला लागला आहे. दर पंचवीस तासांनी प्रत्येक निपलला ग्रीसगनचे दोन दाब द्यायचे, वर आलेलं फडक्याने पुसायचं, झालं. दोन दाब! देवळात तीर्थ देतात तसं.
हसू आवरलं. अडाणी माणसाचा अपमान करू नये.
संकल्प : या गाडीचं ग्रीसिंग आता शास्त्रीय पद्धतीने होणार. योग्य ग्रीसची निवड मी स्वतः करणार.

७ ऑक्टोबर, शुक्रवार.
मैत्रीने गाडीचं पुस्तक इंटरनेटवरून छापून आणलं. ग्रीसच्या पानावर पिवळ्या पेनाने रेघा मारल्यात. म्हणाली, बाबा, हे एवढं एकच पान वाचा. मुलगी गुणी आहे. पान फाइलला लावलं, फाइल कपाटात ठेवली. चष्म्याचा नंबर बदलला की वाचणार.
सध्या स्वतंत्र अभ्यास चालू आहे. वहीत तक्ता केला : पिवळं, लाल, निळं, काळं. पहिले तीन रकाने रिकामे आहेत, कारण त्यांचा मला अनुभव नाही. काळ्याची माहिती दोन पानं झाली.

८ ऑक्टोबर, शनिवार.
नारायण पेठेत गेलो. तिथे ऑइल-ग्रीसचं जुनं दुकान आहे, मालक बाबुराव. बाबुराव पेपर वाचत होते. मी सांगितलं, मला बसून चालवायच्या लॉन मोअरसाठी उच्च दर्जाचं ग्रीस हवंय. त्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, पुस्तकात काय लिहिलंय. मी म्हणालो, चौतीस वर्षांचा अनुभव आहे, पुस्तकाची गरज नाही. म्हणाले, मग दुकानाची तरी काय गरज आहे?
तरी मी शांत राहिलो. शेवटी त्यांनी एक डबा काउंटरवर आपटला. लिथियम, दोन नंबर. वर तीन सूचना दिल्या. आत कुठलं ग्रीस आहे ते आधी बघा, दुसऱ्या जातीचं असेल तर जुनं पूर्ण काढा, आणि मिसळू नका. मिसळायची हौस असेल तर घरी भेळ करा, म्हणाले.
अशा माणसाकडून काहीही घ्यायचं नाही असं ठरवून बाहेर पडलो. बाहेर पडताना त्यांनी, दार लावून घ्या, असं सांगितलं. लावलं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.
प्रश्न सुटला! उत्तर आमच्याच गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या घोडीखाली होतं.
खडकीहून रिटायर होताना पाच किलोचा एक डबा बरोबर आला होता. नमुना म्हणून. मोठ्या गाड्यांच्या चाकांना लावायचं काळं ग्रीस, घट्ट, ओढलं तरी तार तुटत नाही. त्यावरचं लेबल गेलंय, पण माझ्या लक्षात आहे. म्हणजे नाव लक्षात नाही, गुण लक्षात आहेत.
हिराने विचारलं, दोन वर्षं टाकून द्या टाकून द्या म्हणतेय तो घाण डबा ऑफिसला नेणार? मी म्हणालो, ज्या ग्रीसवर देशाचं संरक्षण चालतं त्याने कंपनीचं गवत सहज कापलं जाईल. म्हणाली, देशाने तो डबा तुम्हाला दिला होता का?
बायकांशी टेक्निकल विषय बोलू नयेत.

११ ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी.
संभाजीने गाडीला झेंडूचा हार घातला, स्टिअरिंगला आंब्याची पानं बांधली, बॉनेटवर हळदकुंकू लावलं. मला नारळ फोडायला सांगत होता. मी म्हणालो, आम्ही मशिनला हात जोडत नाही, मशिनची सेवा करतो. रविवारी बघा.
हार छान दिसत होता, हे खरं आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार.
विश्रांतवाडीच्या विहारात सहकुटुंब. त्रिशरण, पंचशील. भन्तेजी मध्यम मार्गावर बोलले. कुठल्याही गोष्टीचा अतिरेक करू नये. फार पटलं. संकल्प : यापुढे प्रत्येक बाबतीत मध्यम मार्ग. दुपारी हिराने खीर केली होती. चार वाट्या घेतल्या.

१६ ऑक्टोबर, रविवार.
ऑफिसला सुट्टी, म्हणून आजच ग्रीसिंग घेतलं. मैत्री मात्र कामावर होती, त्यांचं काही रिलीज आहे. तिसऱ्या मजल्यावर काचेला लागून बसते.
संभाजीला मुद्दाम बोलावलं, शिकेल म्हणून. ग्रीसगनमध्ये खडकीचं ग्रीस भरलं. त्याने विचारलं, आतलं जुनं धुऊन काढायचं ना साहेब? मी म्हणालो, नवं गेलं की जुनं आपोआप बाहेर येतं, त्याला प्रेशर म्हणतात.
खडकीचा नियम साधा आहे. दुसऱ्या बाजूने नवं ग्रीस डोकावेपर्यंत दाबत राहायचं. पहिल्या निपलला दोन दाब दिले, काही नाही. संभाजी म्हणाला, बास. पाच दिले. आठव्याला आतून फस्स आवाज आला, अडकलेली हवा सुटली. संभाजी म्हणाला, साहेब, शील फुटलं. (म्हणजे सील, ग्रीस आत अडवून धरणारी रबराची कडी.) मी म्हणालो, चालवायचं काम तुमचं, विचार करायचं माझं. बाविसाव्या दाबाला खालून काळं ग्रीस आलं, जाडजूड, सुंदर. मग तिन्ही निपलांना बावीस-बावीस दिले, कोणावर अन्याय नको.
संभाजी बाजूला उकिडवा बसून गवताने हात पुसत होता. त्याचे हात खराबच झाले नव्हते.
बऱ्याच दिवसांनी हाताला तो वास आला. फॅक्टरीचा भोंगा, डबा, सायकली. घरी येऊन साबण लावायचं मुद्दाम टाळलं. रिटायर झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, बुधवार.
गाडी उत्तम. लॉनवर जागोजागी काळे ठिपके पडलेत. जुना माल बाहेर पडतोय, सांगितलंच होतं.

२२ ऑक्टोबर, शनिवार.
ठिपक्यांच्या रेघा झाल्या. दुपारी ऊन चढलं की आतलं ग्रीस ताकासारखं पातळ होतं आणि गळतं. माझ्या ग्रीसमध्ये हा दोष नाही. त्या परदेशी ग्रीसनेच त्याला बिघडवलं असणार.
संभाजी म्हणतो ग्रीस पाती फिरवणाऱ्या पट्ट्यावर उडतंय, पट्टा घसरतोय, पाती मध्येच थांबतात. मी म्हणालो, तुम्ही जोरात चालवता. हा माणूस चाकाचा आवाजसुद्धा येत नाही इतक्या हळू चालवतो, हे मलाही माहीत आहे, पण सुपरवायझरने काहीतरी सांगायला हवं.

२६ ऑक्टोबर.
उपाय : गळतंय म्हणजे आत कमी झालंय. आणखी दहा-दहा दाब दिले.
शुभंकरला समजावणं राहिलंच आहे. आज तो मला सगळ्यांसमोर अंकलजी म्हणाला. प्रगती आहे.

२ नोव्हेंबर, बुधवार. पाडवा.
संभाजी दुचाकीवर फराळ घेऊन घरी आला. बायकोने केलेल्या करंज्या. हिराला वहिनी म्हणाला, पाया पडू लागला, तिने नको नको म्हणत खुर्चीत बसवलं. मैत्रीशी बराच वेळ बोलत होता, लॉनवर कुठे विहीर होती, कुठे आंबा होता, कुठे बैल बांधायचे. विहीर बुजवली तरी दर वर्षी तिथली माती खचते म्हणे, तिथे आलं की पाती वर घ्यावी लागतात, हे दुसऱ्या कोणाला माहीत नाही. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, तेवढं रिपोर्टाचं बघा साहेब.
काळजी करू नका, म्हणालो. करंज्या फार छान होत्या.

७ नोव्हेंबर, सोमवार.
गुरुवारी अमेरिकेहून क्लायंट येणार. लॉनवर ग्रुप फोटो. शुभंकर म्हणाला, अंकल, लॉन एकदम कार्पेट पाहिजे. मी म्हणालो, निश्चिंत राहा.

९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी दोन.
वाईट झालं. अर्धं लॉन कापून झालं आणि गाडीखालून असा आवाज आला की कँटीनमधली माणसं बाहेर आली. मधलं बेअरिंग जाम. पट्टा जळाला, धूर निघाला. संभाजीने उडी मारून इंजिन बंद केलं. नंतर सीटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बेअरिंग, सील, पट्टा, सगळं परदेशातून मागवावं लागणार. तीन महिने.

१० नोव्हेंबर.
क्लायंट आले. कापलेल्या अर्ध्या भागात फोटो काढला, वीस मिनिटांत आत गेले. न कापलेल्या गवताकडे एकानेही मान वळवली नाही. मी दिवसभर शेडच्या मागे उभा होतो.

११ नोव्हेंबर, शुक्रवार.
शुभंकरला लेखी रिपोर्ट हवाय. एक पान. बिघाडाचं मूळ कारण काय आणि जबाबदार कोण. म्हणाला, अंकल, वरती पाठवायचंय, कुणाचं तरी नाव लागतंच.
रिपोर्ट इंग्रजीत टाइप केला. मूळ कारणं शास्त्रीयदृष्ट्या बघितली तर अनेक असतात. हवामान. परदेशी माल. काळ. पण एकच ओळ मागितली होती. ‘ऑपरेटरने सूचनांविरुद्ध जाऊन अतिरिक्त ग्रीस वापरले.’ वाक्य चुकीचं नाही. ग्रीस अतिरिक्त होतं. सूचनाही होत्या. ऑपरेटर शब्दाचा अर्थ व्यापक आहे, ग्रीसगन जो ऑपरेट करतो तोही ऑपरेटरच.
खाली ऑपरेटरचं नाव लिहायची जागा होती. तिथे संभाजीचं लिहिलं. फॉर्मची रचनाच तशी आहे.

१२ नोव्हेंबर, शनिवार.
संभाजीची सही घेतली. रिपोर्ट इंग्रजीत. म्हणालो, मशीन बंद पडल्याची नोंद आहे, फॉर्मॅलिटी. त्याने कागद बराच वेळ हातात धरला. मग स्वतःच्या खिशातलं पेन काढून सही केली. सही इंग्रजीत करतो, हे मला माहीत नव्हतं.
घरी जेवलो नाही. ॲसिडिटी.

१५ नोव्हेंबर, मंगळवार.
संभाजीचं कार्ड काढून घेतलं. मला वाटलं होतं फार तर समज देतील. गेटवर फोन गेला आणि संपलं. त्याने गाडी फडक्याने पुसली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, येतो साहेब. एवढंच.
चोवीस वर्षांचा गेटवाला त्याच्याबरोबर बाहेरपर्यंत चालत गेला. नियम आहे.

१६ नोव्हेंबर, बुधवार.
जेवताना मैत्री म्हणाली, बाबा, त्या रविवारी मी वरून बघत होते. पंप तुमच्या हातात होता. मी म्हणालो, तिसऱ्या मजल्यावरून नीट दिसत नाही. म्हणाली, काच खूप मोठी आहे. संभाजीकाका हात लावत नव्हते, तुम्हाला नको म्हणत होते, हेही दिसलं. उद्या जाऊन खरं सांगा, नाहीतर मी सांगेन. मग म्हणाली, नाही, मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायला पाहिजे.
हिरा भाकरी थापत होती. तिने पाठ न वळवता सांगितलं, तुमचे वडील फाटकाबाहेर उभे राहायचे, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, सांगताना रडला होतात.
मला राग आला. मग राग गेला आणि दुसरं काहीतरी आलं, ते लिहीत नाही. मी दोषी आहे असं माझं मत नाही. तरी उद्या शुभंकरला सांगणार. नक्की.

१७ नोव्हेंबर.
शुभंकर मीटिंगमध्ये.

१८ नोव्हेंबर.
शुभंकर मोकळा होता, पण दार उघडं होतं, बाहेर माणसं होती. असे विषय बंद दाराआड बोलायचे असतात.

२१ नोव्हेंबर, सोमवार.
सोमवारी कोणाचा मूड चांगला नसतो.
संभाजी रोज सकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसतो. कंपाउंडची भिंत उंच आहे, आतलं काही दिसत नाही. तरी बसतो. मला बघून हात वर करतो. मी चहा सोडला आहे. तब्येतीच्या दृष्टीने चांगलंच आहे.

२४ नोव्हेंबर.
सर्दी. रजा. मैत्रीने औषध आणून टेबलावर ठेवलं. जाताना दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार.
ऐकतो की माझं परमनंटचं पत्र टाइप होतंय. विचार केला. टेम्पररी माणसाच्या शब्दाला काय वजन? आधी पत्र हातात पडू दे. मग परमनंट माणूस म्हणून ताठ मानेने सांगेन, संभाजीला परत घ्या. यात संभाजीचाच फायदा आहे.

२८ नोव्हेंबर, सोमवार.
पत्र मिळालं. पेढे आणले. हिराने पुडा फ्रिजवर ठेवला. रात्री तो तिथेच होता, दोरासुद्धा सुटला नव्हता. मी स्वतः एक काढून खाणार होतो, पण दोघी बघत होत्या.
गाडी शेडमध्ये प्लास्टिकखाली. मी शेडमध्ये खुर्चीवर. दोघंही परमनंट.

३० नोव्हेंबर.
आज काळ्या ग्रीसचा डबा उघडून बघितला. झाकणाच्या आतल्या बाजूला छापील कागद चिकटलेला होता, चष्मा पुसून वाचला. दुसऱ्या कुठल्याही ग्रीसमध्ये मिसळू नये. खडकीत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं होतं.
मैत्रीचं पिवळ्या रेघांचं पानही काढलं. तिथेही तेच, आणि दोन दाब. दोन. संभाजीला कोणी शिकवलं नव्हतं, त्याने त्या इंजिनिअरच्या हाताकडे नीट बघितलं होतं, बस. मी चौतीस वर्षं कोणाच्या हाताकडे बघितलं होतं, आठवत नाही.
मी चुकलो. लिहून टाकलं. आता सांगायला सोपं जाईल.

२ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.
सांगितलं.
दार मी स्वतः लावलं. शुभंकरसमोर उभा राहून सगळं सांगितलं. ग्रीस माझं, दाब माझे, रिपोर्ट खोटा, संभाजीची चूक नाही, त्याला परत घ्या. तो टाइप करतच होता. मग म्हणाला, अंकल, तो विषय क्लोज झालाय ना? कोण वाचतंय ते रिपोर्ट. वरती एक नाव हवं होतं, मिळालं.
मी म्हणालो, मग माझं नाव घाला. तेव्हा त्याने मान वर केली. चांगला मुलगा आहे, आवाज खाली आणला. म्हणाला, परत घेऊन करायचं काय? सोमवारपासून लॉन खणतायत, तिथे तिसरी बिल्डिंग. ऑगस्टमध्येच फायनल झालं होतं. म्हणूनच तर गाडीचे पार्ट मागवले नाहीत. तुम्हाला पहिल्यापासूनच जनरेटर रूमसाठी घेतलंय, टेन्शन घेऊ नका.
ऑगस्ट. मी आलो ऑक्टोबरमध्ये. म्हणजे गवत राहणारच नव्हतं, ग्रीस कुठलंही घातलं असतं तरी. मी खरं लिहिलं असतं तरी माझं काही बिघडणार नव्हतं. आणि संभाजीला शेवटचे वीस दिवस आत फिरता आलं असतं.
घरी येऊन मैत्रीला सांगितलं, मी सांगून आलो. तिने विचारलं, काकांना घेणार? मी म्हणालो, त्यांची प्रोसेस असते. तिने माझ्या हातावर हात ठेवला. मी माझा काढून घेतला.

३ डिसेंबर, शनिवार.
संभाजीने आज रस्ता ओलांडून मला गाठलंच. टपरीवर नेलं, चहा सांगितला. मी म्हणालो, त्या कागदाबद्दल माझं तुमच्याशी बोलायचं राहिलंय. म्हणाला, राहू द्या की. वाचला होता मी. जुनी अकरावी झालोय साहेब, सावकाश वाचलं तर कळतं इंग्रजी.
मी विचारलं, मग सही का केलीत? म्हणाला, कागद देताना तुमचा हात कापत होता. आन् पोरगी तिथंच कामाला हाय तुमची. बापाचं नाव खराब झालं तर पोरीला खाली बघावं लागतं. माझं काय, मी गडी माणूस, मला वाटलं चार दिस घरी बसवतील अन् परत घेतील.
मी चहावरची साय बोटाने बाजूला केली. तो म्हणाला, गाडी दुरुस्त झाली की गेटवर तेवढं सांगा, एक चक्कर मारून येतो. एकच.
हीच वेळ होती, सोमवारचं सांगायची. तोंड उघडलं आणि, बघतो, एवढंच म्हणालो. चहाचे पैसे त्याने दिले.
उद्या रविवार. त्याच्या घरी जाणार, समोर बसून स्पष्ट सांगणार. आजचा शेवटचा दिवस तुमचा म्हणून गेटवाल्याच्या हातापाया पडून त्याला आत नेणार. परमनंट माणूस आहे मी, एवढं तर करू शकतो.

४ डिसेंबर, रविवार.
दहाला निघणार होतो. मग हिराला दळण आणून दिलं. मग उन्हं झाली. पाचला त्यांच्या गावच्या कमानीपर्यंत गेलो. घर विचारायला एक माणूस थांबवला आणि त्याला वेळ विचारली. पावणेसहा. उशीर झाला होता, कोणाच्या घरी तिन्हीसांजेला जाणं बरं नाही. परत आलो.

५ डिसेंबर, सोमवार.
हिरा आणि मैत्री उद्याच्या सहा डिसेंबरसाठी आज सकाळी दादरला निघाल्या. चला म्हणाल्या. मी ड्यूटी आहे म्हणालो.
नऊला गेटवर पोचलो. आत दोन जेसीबी सुरू झाले होते. संभाजी रस्त्यापलीकडून चालत आला. विचारलं, साहेब, आत आवाज कशाचा येतोय?
मी म्हणालो, काही नाही, पाइपलाइनचं काम आहे. आणि कार्ड दाखवून आत गेलो.